गुंठा, ग्रॅम आणि घनफूट : एककांच्या रूपांतराची प्रस्तावना

कोणतेही माप सांगायला दोन गोष्टी लागतात, एक संख्या आणि एक एकक. ‘शेत शंभर’ म्हटल्याने काहीच कळत नाही. ‘शेत शंभर गुंठे’ म्हटले की चित्र उभे राहते. हेच शेत अडीच एकरांचे आहे, १,०८,९०० चौरस फुटांचे आहे आणि १०,११७ चौरस मीटरचेही आहे. संख्या चारही वेळा बदलली, पण बांध जागचा हलला नाही. एकक लहान घेतले की संख्या मोठी होते आणि एकक मोठे घेतले की ती आटते. दोन एककांमधले हे प्रमाण ज्या संख्येने सांगितले जाते, तिला रूपांतर गुणक म्हणतात. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून एकरातून गुंठ्यांत येताना गुणक ४०.

शाळेत ही गोष्ट बहुधा पाठ करायच्या कोष्टकासारखी येते आणि परीक्षेबरोबर विसरली जाते. त्यामागचा विचार मात्र फारच सोपा आहे. १ एकर आणि ४० गुंठे हे एकच क्षेत्र असेल, तर ‘४० गुंठे भागिले १ एकर’ या अपूर्णांकाची किंमत १ होते. कोणत्याही राशीला १ने गुणले तरी ती राशी तीच राहते. रूपांतर म्हणजे एवढेच: राशीला १च्या सोयीच्या रूपाने गुणणे. संख्येबरोबर एककही लिहिले आणि अंश-छेदांत सारखी एकके काटली, की उरलेले एकक उत्तर बरोबर दिशेने चालले आहे की नाही ते स्वतःच सांगते. २.५ एकरला ‘४० गुंठे प्रति एकर’ने गुणले की एकर काटला जातो आणि १०० गुंठे उरतात. चुकून भागाकार केला, तर उत्तरात ‘एकर वर्ग प्रति गुंठा’ असे निरर्थक एकक येते आणि चूक तिथेच पकडली जाते. ‘इथे गुणायचे की भागायचे?’ हा विद्यार्थ्यांना सतावणारा प्रश्न एकके लिहून गणित करणाऱ्याला पडतच नाही. गणिताच्या वहीत एककांना फाटा देऊन नुसते आकडे मांडण्याची सवय घातक आहे, आणि ती लहानपणीच मोडली पाहिजे.

लांबीचा गुणक माहीत असला की क्षेत्रफळाचा आणि घनफळाचा गुणक वेगळा शोधावा लागत नाही. पण तो लांबीच्या गुणकाइतकाच असतो हा समज सर्रास आढळतो. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. १ चौरस फूट म्हणजे ०.३०४८चा वर्ग, ०.०९२९०३०४ चौरस मीटर. १ घनफूट म्हणजे त्याचा घन, सुमारे ०.०२८३१७ घनमीटर. बांधकामावर वाळू, खडी, मुरूम ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट एवढेच लक्षात ठेवून कोणी १००ला ३.२८ने भागले, तर उत्तर ३०.५ येते, खऱ्याच्या दहापटीहून अधिक. घनमीटर करायचे तर ३.२८ने तीन वेळा भागावे लागते. शिवाय काही कामांत क्षेत्रफळही ब्रासमध्येच बोलले जाते, तेव्हा तो १०० चौरस फुटांचा, म्हणजे ९.२९ चौरस मीटरचा असतो. ब्रास हा शब्द ऐकल्यावर आधी विचारायचे ते हेच, की मोजले काय जात आहे.

महाराष्ट्रात रूपांतराचा सर्वांत जास्त संबंध येतो तो जमिनीशी. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस, १,०८९ चौरस फुटांचा. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर. जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे. आजच्या सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहिले जाते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ हेक्टर म्हणजे १०० आर. प्रत्येक घर आधीच्या घराचा शंभरावा भाग असल्यामुळे ‘१.०१.१७’ हा आकडा सरळ १.०११७ हेक्टर म्हणून वाचता येतो.

एकर-गुंठ्यांत ही सोय नाही, आणि घोळ तिथेच होतो. ‘२ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र घाईत ‘२.२०’ असे लिहिले जाते. पुढे तोच आकडा कोणी गणकयंत्रात दशांश म्हणून घातला, की तो २.२० एकर होतो. वास्तविक २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणून क्षेत्र आहे २.५० एकर. बरोबर रूपांतर केले तर १०,११७ चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत १.०१.१७, असे येते. चुकीचा आकडा घेतला तर ८,९०३ चौरस मीटर, म्हणजे ०.८९.०३. फरक तब्बल १२ गुंठ्यांचा. वाटणीपत्रात किंवा खरेदीखतात असा आकडा एकदा शिरला, की तो दुरुस्त करण्यात भावकीची वर्षे जातात. त्यामुळे जुन्या कागदावरचे क्षेत्र बदलून घेताना पहिले काम म्हणजे सगळ्याचे गुंठे करणे. एकरांना ४०ने गुणायचे, वरचे गुंठे मिळवायचे आणि मगच पुढचा गुणक लावायचा.

दुसरी सवय अशी, की बोलताना आर आणि गुंठा एकच मानले जातात. १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि १ आर म्हणजे १००. हा फरक सव्वा टक्क्याच्याही आतला आहे, आणि अर्धा-एक गुंठ्याच्या परसात तो कोणाला जाणवणार नाही. दहा एकरांच्या रानात मात्र ४०० गुंठ्यांचे ४०४.६९ आर होतात. ते ४०० आर धरले, तर साडेचार गुंठ्यांहून अधिक जमीन हिशेबातून जाते. शहराला लागून असलेल्या गावात एवढ्या जागेत चार घरे उभी राहतात. जवळपासचा गुणक वापरायला हरकत नाही, पण तो अंदाजाचा आहे हे भान हवे, आणि दस्तऐवजात तर तो मुळीच चालत नाही.

दराचे रूपांतर उलट्या दिशेने जाते, हे आणखी एक ठिकाण जिथे भले भले चुकतात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. म्हणून ६० चौरस मीटर चटईक्षेत्राची सदनिका ६४५.८ चौरस फुटांची होते, क्षेत्राला गुणले. आता दर प्रति चौरस फूट ९,००० रुपये असेल, तर प्रति चौरस मीटर तो ९६,८७५ रुपये होईल. इथेही गुणाकारच झाला, पण क्षेत्र मीटरकडून फुटाकडे गेले आणि दर फुटाकडून मीटरकडे आला. ‘प्रति’नंतर येणारे एकक छेदात बसते, म्हणून असे होते. ताळा घेण्याचा उपाय सोपा आहे. दोन्ही रीतींनी एकूण किंमत काढावी. दोन्हीकडे सुमारे ५८ लाख १२ हजार रुपये आले पाहिजेत.

गुणक वापरता येणे हा विषयाचा अर्धा भाग झाला. गुणक आला कुठून, हा उरलेला अर्धा भाग आहे आणि पाठ्यपुस्तके त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. कोष्टकात सगळे गुणक एका रांगेत, एकाच टंकात छापलेले असतात, पण त्यांची जात एक नसते. काही गुणक व्याख्येने ठरलेले असतात, काही बाजाराच्या रिवाजाने आणि काही प्रत्यक्ष मोजून. ही जात ओळखल्याशिवाय गुणकावर किती विसंबायचे ते कळत नाही.

व्याख्येने ठरलेले गुणक सर्वांत भक्कम. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी यार्ड आणि पौंड यांच्या किमती मीटर व किलोग्रॅममध्ये ठरवून घेतल्या: १ यार्ड म्हणजे नेमका ०.९१४४ मीटर आणि १ पौंड म्हणजे नेमका ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. त्यातून फूट ०.३०४८ मीटरचा आणि इंच २५.४ मिलिमीटरचा झाला. या आकड्यांच्या पुढे लपलेले दशांश नाहीत. २५.४ हा कशाचा तरी जवळचा आकडा नाही. इंचाची व्याख्याच तशी आहे. एकर, गुंठा, घनफूट, ब्रास या सगळ्यांचे मीटरमधले गुणक याच एका आकड्यातून निघतात.

रिवाजाचे गुणक काळ आणि बाजार पाहून बदलतात. तोळा हे त्याचे ठसठशीत उदाहरण. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा. आज सराफ बाजारात तोळा म्हटले की १० ग्रॅम समजायचे, आणि सोन्याचा भावही तसाच सांगितला जातो. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण येते ती जुन्या यादीशी गाठ पडल्यावर. आजीच्या लग्नातल्या यादीत २० तोळे सोने लिहिले असेल आणि तो तोळा जुना असेल, तर ते २३३ ग्रॅम आहे. आजच्या तोळ्याने मोजले तर २०० ग्रॅम. ३३ ग्रॅमचा हा फरक कोणाच्या अप्रामाणिकपणाचा नाही, तो गुणकाचा आहे. कागदाची तारीख पाहिल्याशिवाय तोळ्याचे ग्रॅम करू नयेत.

मणाची कथा याहून गुंतागुंतीची. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण धरला तर मण ३७.३२ किलोचा होतो. मुंबईच्या पेठेतला मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा होता. कापसाच्या व्यापारातली खंडी अशा २८ मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची, आणि ती आजही जिवंत आहे: रुईचे भाव खंडीवर निघतात आणि व्यवहारात खंडी ३५६ किलोची धरतात. शेतकरी सरकीसकट कापूस क्विंटलने विकतो, जिनिंगनंतरची रुई खंडीने विकली जाते आणि न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात तोच भाव पौंडामागे सेंटांत असतो. समजा रुई खंडीला ५६,००० रुपये आहे. ७८४ने भागले की पौंडाला ७१.४३ रुपये, आणि ३.५५६ने भागले की क्विंटलला सुमारे १५,७४७ रुपये. हा भाव रुईचा आहे, कापसाचा नाही. कापसातून रुई किती निघते ते वाणावर आणि प्रतीवर अवलंबून असते, म्हणून रुईच्या भावावरून कापसाचा भाव काढायला रूपांतर गुणक पुरत नाही, रुईचा उतारा माहीत असावा लागतो. गाठीचेही असेच. भारतातली गाठ १७० किलोची, अमेरिकेच्या आकडेवारीतली ४८० पौंडांची, म्हणजे २१७.७ किलोची. जागतिक उत्पादनाचे आकडे वाचताना ‘गाठी’ एवढाच शब्द पाहून तुलना केली, तर अठ्ठावीस टक्क्यांची चूक पदरात पडते.

तिसरी जात मोजून काढलेल्या गुणकांची. लिटरचे किलो करणे हे मुळात एककाचे रूपांतरच नाही. एका राशीवरून दुसरी राशी काढणे आहे आणि त्यासाठी पदार्थाची घनता लागते. ती पदार्थागणिक वेगळी असते आणि तापमानाबरोबर बदलते. गावाकडची पायली हे आकारमानाचे माप, ४ शेरांचे किंवा २ अधोल्यांचे. ज्वारीची पायली आणि भाताची पायली काट्यावर सारखी उतरत नाही, हे घरातल्या बाईला गणिताशिवाय ठाऊक असे. तिच्या ठाऊक असलेल्या या गोष्टीचा विसर पडल्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, ते १९८३ साली कॅनडात दिसले.

२३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचे १४३ क्रमांकाचे उड्डाण माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. बोइंग ७६७ विमान नवे होते आणि त्याचे इंधन, जुन्या ताफ्यातल्या पौंडांऐवजी, किलोग्रॅममध्ये मोजले जाई. इंधनमापक यंत्रणा बंद असल्याने टाकीतले इंधन पट्टीने मोजले गेले: ७,६८२ लिटर. प्रवासाला २२,३०० किलो हवे होते. लिटरवरून वजन काढण्यासाठी हाताशी असलेला गुणक घेतला गेला, १.७७. हा आकडा खोटा नव्हता, पण तो लिटरमागे पौंड सांगत होता; किलोसाठी ०.८०३ लागत होता. ७,६८२ गुणिले १.७७ केल्यावर १३,५९७ आले आणि ते किलो समजले गेले. उरले ८,७०३ ‘किलो’. त्याला पुन्हा १.७७ने भागून ४,९१७ लिटर भरले गेले. योग्य गुणकाने हिशेब केला असता, तर टाकीत आधीचे ६,१६९ किलो ठरले असते आणि २०,०८८ लिटर भरावे लागले असते. विमान गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले आणि ४१,००० फुटांवर असताना त्याची इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन मॅनिटोबातल्या गिमली येथील जुन्या हवाई तळाच्या धावपट्टीवर उतरवले. विमानातले ६९ जण वाचले. १.७७च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ असे लिहिले असते, तर गुणाकार करतानाच किलो कुठे दिसत नाही हे लक्षात आले असते. १९९९ साली नासाचे मंगळाकडे गेलेले एक यानही असेच गमावले गेले. एका संगणकप्रणालीने पौंडात दिलेले बलाचे परिणाम दुसरीने न्यूटनमध्ये समजून घेतले, आणि या दोहोंतला गुणक ४.४५ आहे.

पावसाळ्यात रोजच्या बातम्यांत राशींची हीच सरमिसळ ऐकू येते. धरणातला साठा टीएमसीत सांगतात आणि विसर्ग क्युसेकमध्ये. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. जलसंपदा खात्याचा दलघमी तो हाच. जायकवाडीच्या नाथसागराची एकूण क्षमता २,९०९ दलघमी, म्हणजे १०२.७३ टीएमसी. हे शुद्ध रूपांतर झाले. क्युसेक ही मात्र वेगळी राशी आहे: सेकंदाला एक घनफूट. क्युसेकचे टीएमसी होत नाहीत. मध्ये वेळ घालावा लागतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले की २५,००० क्युसेकचा विसर्ग चोवीस तासांत २.१६ टीएमसी पाणी सोडतो. ११,५७४ क्युसेक दिवसभर चालू राहिला तर बरोबर १ टीएमसी. नदीकाठच्या माणसाने हा एवढा आकडा लक्षात ठेवला, तर बातमीतल्या विसर्गावरून धरण किती रिकामे होते आहे, याचा अंदाज त्याला घरबसल्या येतो.

विजेच्या बाबतीत घोटाळा असाच. शेतातल्या पंपावर ‘५ एचपी’ आणि ‘३.७ किलोवॉट’ असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, म्हणून ते एकाच शक्तीची दोन मापे आहेत. बिलातले ‘युनिट’ मात्र ऊर्जेचे, म्हणजे किलोवॉट-तासाचे. एचपीचे युनिट करायचे तर तास हवेतच.

तापमानाला नुसता गुणक पुरत नाही, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचे शून्य एका जागी नाही. सेल्सिअसला १.८ने गुणून ३२ मिळवावे लागतात: ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट. तापमानातला फरक बदलताना मात्र ३२ मिळवायचे नसतात. पारा ५ अंश सेल्सिअसने वाढला याचा अर्थ तो ९ अंश फॅरनहाइटने वाढला. ४१ अंशांनी नव्हे. विदेशी मजकुरावरून केलेल्या बातम्यांत ही चूक सहज होऊ शकते.

शेवटचा मुद्दा पूर्णांकनाचा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. १ आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, पण पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून एका आण्याला ६ नवे पैसे असे कोष्टक ठरले. सोळा वेळा एकेक आणा देणाऱ्याच्या हिशेबात त्यामुळे रुपयाऐवजी ९६ पैसेच होत. एकेका टप्प्यावर केलेली काटछाट अशी साचत जाते. १९५६च्या कायद्यान्वये १९५८पासून मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा शेर-मणांचे किलो करतानाही हाच प्रश्न होता. गणित पूर्ण दशांशांनिशी करावे आणि छाटणी शेवटी एकदाच करावी. उत्तरात मात्र मुळात मोजले होते त्याहून अधिक बारकावा दाखवू नये. पावलांनी मोजलेल्या अडीच एकरांचे १०,११७.१४ चौरस मीटर लिहिणे दिशाभूल करणारे आहे. तिथे ‘सुमारे दहा हजार’ हेच प्रामाणिक उत्तर.

पुढील कोष्टके वापरणाऱ्याने दोन आकडे तोंडपाठ करावेत: ०.३०४८ आणि ०.४५३५९२३७. फूट आणि पौंड यांच्यावर उभ्या असलेल्या बहुतेक मापांचे गुणक या दोहोंतून वहीच्या एका पानावर काढता येतात, आणि स्वतः एकदा काढलेला गुणक सहसा विसरत नाही.